झाकली मूठ

(वर्षावासातील व्याख्यानाचा संपादित भाग)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला 'कुटुंब आणि धम्म' हा विषय दिला. या विषयावर बोलणे सोपे आहे. आईवडिलांचा मान राखा, भावाबहिणींत प्रेम ठेवा, असे चार शब्द सांगून आम्हाला खाली बसता आले असते. परंतु या विहारात तीस-चाळीस वर्षे आम्ही अशीच व्याख्याने ऐकत आलो आणि घरी गेल्यावर वेगळेच पाहत आलो. म्हणून आज आम्ही आमच्याच घराबद्दल बोलणार आहोत. वडील आज हयात नाहीत, मायही नाही. आमच्या भावंडांना विचारून, त्यांच्या संमतीनेच आम्ही हे सांगत आहोत.

आमचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात ज्या लाखो लोकांनी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून धम्मदीक्षा घेतली, त्यांत तेही होते. पुढे सरकारी कचेरीत चपराशी झाले. आम्हा भावंडांना त्यांनी कंदिलासमोर बसवून बाराखडी शिकवली. वस्तीत विहार उभा राहिला तेव्हा डोक्यावर विटा वाहिल्या. जयंतीच्या दिवशी ते भाषणाला उभे राहिले की लोक हलत नसत. हे सगळे खरे आहे.

आणि हेही खरे आहे की तोच माणूस रात्री दारू पिऊन येई आणि आमच्या मायला मारी. हाताने मारी, कधी पट्ट्याने, कधी चुलीतल्या लाकडाने. आम्ही भावंडे खाटेखाली शिरून बसत असू. सकाळी माय डोक्यावरचा पदर पुढे ओढून कापूस वेचायला जाई, म्हणजे कपाळावरचे वळ दिसू नयेत. नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा आहे, खोटे बोलणार नाही ही आहे, व्यभिचार करणार नाही ही आहे. त्या प्रतिज्ञा वडिलांना तोंडपाठ होत्या.

वस्तीला हे ठाऊक नव्हते काय? भिंतीला भिंत लागून घरे. सर्वांना ठाऊक होते. चार जाणते सकाळी येत, वडिलांची समजूत काढत आणि जाताना मायलाच सांगत, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक आपल्याले हसतीन." या लोकांच्या मनात वाईट काही नव्हते. इतर समाज आपल्याकडे बोट दाखवायला टपलेलाच आहे, आपणच आपली लक्तरे वेशीवर का टांगावी, असा त्यांचा विचार होता. पण मित्रहो, समाजाची अब्रू राखण्याचे ओझे प्रत्येक वेळी मार खाणाऱ्या बाईच्याच पाठीवर का? मारणाऱ्याला कोणी म्हटले नाही की, बाबा रे, तू समाजाची अब्रू घालवतोस!

वडील 1991 साली वारले. पेन्शनच्या कामासाठी कचेरीत त्यांचे सेवापुस्तक उघडले तेव्हा वारस म्हणून त्यात दुसऱ्याच एका बाईचे आणि मुलीचे नाव निघाले. नोकरी लागल्यावर लिहिलेले ते नाव पुढे त्यांनी बदललेच नव्हते. आम्हाला वाटले, कारकुनाची चूक असेल. घरी येऊन मायला विचारले. ती सुपात ज्वारी पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मले ठाऊक होतं. तू दोन वर्साचा होता तईपासून ठाऊक होतं."

मग एकेक उलगडत गेले. वडिलांचे पहिले लग्न 1952 साली झाले होते. पहिली बायको आणि लहानगी मुलगी यांना दारव्हा तालुक्यातल्या एका गावी टाकून ते निघून आले. 1959 साली आमच्या मायशी लग्न केले ते पहिली बायको मेली असे सांगून. दोन-तीन वर्षांनी बाजारात कोणीतरी मायला खरे सांगितले. तिने घरी येऊन विचारले आणि त्या दिवशी तिला पहिला मार बसला.

येथे विद्यार्थी मित्रांनी कायदा समजून घ्यावा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्वाचा नियम घातला आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. पहिली पत्नी हयात असताना केलेले दुसरे लग्न कायद्याने रद्दबातल ठरते. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यात एकपत्नीत्वाचे कलम होते. बाबासाहेबांची तसबीर भिंतीला लावून आमच्या घरात तोच नियम मोडला गेला. मायने तक्रार केली असती तर, तू याची बायकोच नव्हेस, हे पहिले उत्तर तिला मिळाले असते. तिच्या गप्प राहण्याचे कारण आम्हाला तेव्हा कळले. आम्ही विचारले, इतकी वर्षे सांगितले का नाही? ती म्हणाली, "सांगून काय होत होतं, बापू? तुमाले लोक काय म्हणले असते?"

लोक काय म्हणतात ते शरणकुमार लिंबाळे यांनी लिहून ठेवले आहे. बारा मासे म्हणजे तोळा. त्यात एक मासा कमी तो अक्करमाशी. त्यांचे वडील पाटील होते, आई मसामाई ही महार समाजातली. शाळेच्या पटावर बापाचे नाव कोणते लावायचे, येथून त्यांचे दुःख सुरू होते. 'अक्करमाशी' हे त्यांचे आत्मकथन 1984 साली आले. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' 1994 साली लिहिले आणि नावापुढे बापाऐवजी आईचे नाव लावले. आम्ही ही पुस्तके वाचली तेव्हा आमच्या पोटातला गोळा थोडा हलका झाला. ज्या गोष्टीने आम्ही मान खाली घालत होतो, ती छापून येऊ शकते आणि लिहिणारा माणूस ताठ उभा राहू शकतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. कायदाही येथे लेकरांच्या बाजूचा आहे. 1976 च्या दुरुस्तीपासून अशा रद्दबातल लग्नाची मुलेसुद्धा औरस मानली जातात. लेकरांवर दोष नाही, हे कायद्यानेच मान्य केले आहे.

पेन्शन कायद्याप्रमाणे थोरल्या आईला मिळाली. मायने हरकत घेतली नाही. उलट म्हणाली, "चाला, तिले पाहून येऊ."

आम्ही एसटीने दारव्ह्याला गेलो आणि तेथून पायी त्या गावी. थोरली आई म्हातारी, डोळ्यांनी अधू. त्यांची मुलगी, आमची ताई, मोलमजुरी करून त्यांना सांभाळत होती. चहा झाला, बराच वेळ कोणी बोलेना. मग ताई म्हणाली, "आमाले वाटे, तुमच्या घरी तो चांगला असन. आमच्या मायमंदीच काही खोट होती, म्हणून सोडून गेला." आमच्या मायने पदर मागे सारला आणि कपाळावरची खूण तिला दाखवली. ती म्हणाली, "अन् मले वाटे, तुह्या मायवर त्याचा जीव होता, म्हणून माह्यावर राग काढते." दोघी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

उपासक-उपासिकांनो, आम्हाला आज सांगायचे आहे ते हेच. एक गोष्ट झाकल्यामुळे दोन घरांतल्या दोन बायका तीस वर्षे स्वतःलाच दोषी समजत राहिल्या. मारणारा एक, टाकून जाणारा एक, आणि अपराधी मात्र त्या दोघी! आम्ही भावंडेसुद्धा लहानपणी हेच समजत असू की, आपण गोंधळ करतो म्हणून बाबा चिडतात. दडवलेली गोष्ट घराचे रक्षण करते असे लोक म्हणतात. आमच्या घरात तिने रक्षण केले ते फक्त मारणाऱ्याचे.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपाने आले. त्यांचे वडील परोपकारी, गावासाठी पैसा खर्च करणारे. त्याच वडिलांनी आईला मात्र घरात कोंडून ठेवले होते, हे त्यांनी लपवले नाही. स्वतः बेबीताईंनी आपले लिखाण सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि मारहाणीबद्दल त्या बोलल्या ते पुष्कळ वर्षांनी, पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादासोबत 2008 साली छापलेल्या मुलाखतीत. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या अशा धीट बाईलाही घरातले सांगायला इतका काळ लागला. मग आमच्या मायचे काय नवल!

आता विद्यार्थी विचारतील, अशा बापाचे करायचे काय? त्याला मानायचे की टाकायचे?

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला केलेला उपदेश आहे. राजगृहाजवळ हा तरुण ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. का करतोस, असे विचारले तर म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितले म्हणून. तथागतांनी त्याच्या वडिलांची निंदा केली नाही, आणि वडील म्हणाले म्हणून डोळे मिटून कर असेही सांगितले नाही. त्यांनी दिशांचा अर्थ बदलला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, पश्चिम म्हणजे पत्नी. मुलाची आईवडिलांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आणि लगेच आईवडिलांची मुलांप्रती पाच कर्तव्ये सांगितली. पत्नीचा सन्मान करावा, अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, हे नवऱ्याचे कर्तव्य म्हणून सांगितले. धम्मात नाते दोन्ही बाजूंनी पाळायचे असते. बाप आहे एवढ्यावरून सगळे माफ, असे त्यात कोठेही नाही.

नागपूरला 20 जुलै 1942 रोजी झालेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा, गुलाम होऊ नका. आमचे वडील हे वाक्य भाषणात वापरत असत.

वडिलांना समजून घेण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. कचेरीत त्यांचा पाणउतारा होई, त्यांच्या हातचे पाणी कोणी घेत नसे. तो अपमान ते दारूत बुडवीत, हे आम्हाला पटते. पण अपमान करणाऱ्या साहेबावर त्यांनी कधी हात उचलला नाही. हात उठला तो उलटून मारू न शकणाऱ्या बाईवर. म्हणून कारण कळले तरी अपराध पुसला जात नाही. अंगुलिमाल भिक्खू झाला, बदलला, तरी भिक्षेला गेल्यावर लोकांनी दगड मारले. तथागतांनी त्याला सांगितले की, हे सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. बदललेल्या माणसालाही जबाबदारी सुटली नाही. आमचे वडील तर बदललेही नाहीत.

आणि आमचे स्वतःचेही सांगतो. एकदा रागाच्या भरात आमचा हात आमच्या मुलावर उठला. तो पळाला आणि खाटेखाली जाऊन बसला. आम्हाला आमचीच जागा दिसली. त्या रात्री आम्ही पत्नीला आणि मुलाला सगळी हकिकत सांगितली. तोपर्यंत त्यांनाही आम्ही सांगितली नव्हती! बापाचे गुपित आम्ही जपत होतो, त्याबरोबर बापाचा हातही जपत होतो. पुन्हा तो हात उठला नाही.

आता वडिलांच्या स्मृतिदिनी आम्ही सगळे एकत्र बसतो. ताई सर्वांत पुढे बसते. भिंतीवर दोन्ही आयांचे फोटो आहेत, वडिलांचाही आहे. नातवंडांना आम्ही सांगतो की यांनी आम्हाला बाराखडी शिकवली, विहाराच्या विटा वाहिल्या. आणि हेही सांगतो की यांनी दोन बायकांना छळले. क्षमा केली काय, असे कोणी विचारतात. कधी वाटते केली, कधी वाटते नाही. पण खोटे बोलणे आम्ही सोडले आणि त्यानंतर झोप लागू लागली.

शेवटी कामाचे बोलतो. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याखाली बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईचाही त्यात विचार आहे. आमच्या मायच्या वेळी हे नव्हते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जातीच्या लोकांना मोफत वकील मिळतो. मुलांसाठी 1098 आणि स्त्रियांसाठी 181 हे फोन नंबर आहेत. मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नावही लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने 2024 साली घेतला. तो आपल्या घरी अमलात आणा.

मंडळाला आमची विनंती आहे की, विहारात दोन जाणत्या उपासिका नेमाव्यात, ज्यांच्याकडे कोणतीही बाई, कोणतेही लेकरू जाऊन बोलू शकेल. कोणाच्या घरातून आवाज आला तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच दार ठोठवावे. आणि बाईला 'झाकली मूठ' सांगू नये.

आमच्यापुढे बसलेल्यांत खाटेखाली लपणारे एखादे लेकरू असेल तर त्याला आम्ही सांगतो: बेटा, चूक तुझी नाही, तुझ्या मायचीही नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांग.

 भवतु सब्ब मंगलं. जय भीम!