कातळाची नजर



आज पदवीधर झालेल्या शहापूर-मुरबाडच्या मुलांना काळ्या कातळाची ओळख मी काय करून देणार? माहुलीचे सुळके एस.टी.च्या खिडकीतून बघत तुम्ही कॉलेजात आलात. माळशेज आणि नाणेघाटाची भिंत तुमच्या शिवारांच्या पूर्वेला उभी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाचे हे थर, म्हणजे बेसॉल्ट. पौर्णिमेच्या चंद्रावर आजी ससा दाखवायची ना, तोही बेसॉल्टचाच! म्हणून आज हॅरिसन श्मिट यांच्याविषयी बोलतो. चंद्रावर चाललेल्या बारा जणांत पेशाने वैज्ञानिक असलेले ते एकटेच.

जन्म १९३५ चा, न्यू मेक्सिकोतल्या खाणींच्या मुलखातला. वडील खाणींतले भूवैज्ञानिक. हार्वर्डची डॉक्टरेट १९६४ साली मिळाली आणि पुढच्याच वर्षी नासाने पहिले सहा वैज्ञानिक-अंतराळवीर निवडले, त्यात यांचं नाव. विमान चालवता येत नव्हतं. तिशीत जेट उडवायला शिकले. मग अनेक वर्षं वैमानिकांना दगड ओळखायला शिकवलं. शिष्य चंद्रावर, मास्तर ह्यूस्टनमध्ये! ज्यातून जाण्याची आशा होती ते अपोलो १८ रद्द झालं तेव्हा संधी गेल्यातच जमा होती. पण वैज्ञानिकांनी आग्रह धरला आणि अपोलो १७ मध्ये जो एंगल या कसलेल्या वैमानिकाच्या जागी श्मिट गेले. एंगल यांच्यावर अन्याय झाला, असंच मी म्हणेन. तरीही निर्णय योग्य होता.

तो का, ते डिसेंबर १९७२ मध्ये शॉर्टी विवराच्या काठावर दिसलं. सगळीकडे राखाडी धूळ, आणि श्मिट यांच्या बुटाखाली नारिंगी माती! हाताशी वेळ थोडा. त्यांनी चर खणला, नारिंगी आणि शेजारची राखाडी माती वेगवेगळी भरली. कमांडर सर्नन यांनी नळी ठोकून खालचा थर काढला. ही माती अलीकडच्या ज्वालामुखीची असावी, असं तेव्हा वाटलं होतं. तो अंदाज खोटा ठरला. माती म्हणजे काचेचे बारीक मणी निघाले, साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या लाव्हाच्या कारंज्यातून उडालेले. अंदाज चुकला तरी बिघडलं नाही, कारण नमुने नीट घेतले होते. हे काम ज्याने उन्हातान्हात हातोडी घेऊन डोंगर पालथे घातले, त्यालाच जमतं.

अपोलोने आणलेले नमुने आपल्या मुंबईतही आले होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने त्यांत वैश्विक किरणांनी सोडलेल्या खुणा तपासल्या. आसनगावहून लोकल पकडून गाठता येईल, एवढ्याच अंतरावर.

तेव्हा पदवीला भूविज्ञान घेतलं असेल, तर एम.एस्सी. कराच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या जागांसाठी यूपीएससी संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा घेते. जाहिरातीवर लक्ष ठेवा. आणि विषय वेगळा असेल, तर घरी बारावीला बसलेल्या भावंडाला आज संध्याकाळीच हे सांगा.