दप्तर आणि दुभाष्या

जयपूर येथे १३ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थान सरकारने ‘जनसूचना’ हे संकेतस्थळ सुरू केले. शिधावाटपाची दुकाने, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन यांची माहिती, नागरिकाने अर्ज करण्याची वाट न पाहता, तेथे खुली करण्यात आली. अशी माहिती ज्यात साठवितात त्यास डेटाबेस म्हणतात. आपण त्याला दप्तर म्हणू.

हे दप्तर उघडणारी आज्ञावली जावा भाषेत लिहावयाची झाली, तर पहिली अडचण भाषेचीच येते. जावा वस्तूंच्या परिभाषेत विचार करते. दप्तर ओळी आणि रकाने जाणते. १९९७ साली जेडीबीसी नावाचा दुभाष्या जावासोबत मिळू लागला. दुभाष्या म्हटले की या नगरीत सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांचे स्मरण होते. या महाराष्ट्रीय पंडिताने युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. परंतु ते काम एकदा केले की झाले. जेडीबीसीपाशी मात्र प्रत्येक प्रश्नाला तोच सोपस्कार: जोडणी मागावी, प्रश्न पाठवावा, उत्तराची एकेक ओळ वाचावी, शेवटी जोडणी परत करावी. परत करणे विसरले की मोजक्या जोडण्या संपतात, आणि रांगेतील माणूस ताटकळतो.

मार्च २००४ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या स्प्रिंग या चौकटीने हा सोपस्कार स्वतःकडे घेतला. तिचा मोठा उपकार मात्र निराळाच आहे. समजा, कुटुंबाच्या नावे ‘३५ किलो धान्य दिले’ अशी नोंद झाली आणि दुकानाच्या साठ्यातून ते वजा होण्यापूर्वीच अडथळा आला. धान्य तर मिळाले नाही, आणि महिन्याचा हक्क दप्तरी संपला! दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाही तर एकही नको, हे या चौकटीत एका खुणेने सांगता येते. नोंद मागे घेण्याचे काम दप्तराचेच. व्यवहार कोठे सुरू झाला नि कोठे संपला, हे चौकट त्यास कळविते.

येथे एक खोच आहे, आणि ती मला फारशी आवडत नाही. जावात काही चुका आधी जाहीर कराव्या लागतात, काही नाहीत. जाहीर केलेली चूक उद्भवली, तर मुद्दाम सांगितल्यावाचून स्प्रिंग व्यवहार मागे घेत नाही. झाली तेवढी अर्धी नोंद पक्की करते. संकेतस्थळही मग तीच दाखवील, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या बाईला ‘तुमचे घेऊन झाले’ एवढेच ऐकून परतावे लागेल.