सॉफ्टवेअरमधलं 'वेअर' म्हणजे काय?

आजचा भाग एकाच शब्दावर आहे. माझं पोट ज्याच्यावर चालतं तो शब्द, आणि नोकरी लागेपर्यंत मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. सॉफ्टवेअर.

बीटेकचं शेवटचं वर्ष. कॅम्पसला एक कंपनी आलेली. माझ्या रेझ्युमेवर ठळक अक्षरांत हेडिंग होतं, 'सॉफ्टवेअर्स नोन', आणि खाली पाच नावं. समोरच्या साहेबांनी त्या हेडिंगमधल्या शेवटच्या 'एस'भोवती पेनाने गोल काढला आणि विचारलं, "हा कुठून आला?" शेजारचे दोघं हसले. मी "सॉरी सर" म्हटलं. त्यानंतर काय विचारलं, मी काय बोललो, खरंच आठवत नाही. यादीत नाव आलं नाही. नुसत्या 'एस'मुळे नसेल आलं, हे आज कळतं. पण त्या रात्री हॉस्टेलवर मला एवढंच कळत होतं की मी अमळनेरचा, मराठी मीडियमचा, आणि मला स्वतःच्या डिग्रीतला शब्द लिहिता येत नाही. 'एस' खोडला. तो का चूक, हे मात्र कोणालाच विचारलं नाही. लाज वाटत होती ना.

उत्तर मिळालं ते वडिलांच्या कामाच्या जागी. वडील अमळनेरला एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला असतात. नोकरी लागल्यानंतरच्या दिवाळीत मी गावी आलो होतो, त्यांचा डबा घेऊन गेलो आणि गर्दी होती म्हणून तिथेच बसलो. खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, नट-बोल्ट, नळाच्या तोट्या. शेकडो प्रकार. आणि वडील फोनवर होलसेलवाल्याला म्हणाले, "सगळं हार्डवेअर आलं, फक्त स्क्रू राहिले." सगळं हार्डवेअर. 'हार्डवेअर्स' कोणी म्हणत नाही. त्या दुकानात आजवर कोणी म्हटलं नसेल!

कारण 'वेअर' म्हणजे माल. विकायचा माल. जुन्या इंग्रजीतला शब्द आहे, जर्मनमध्ये आजही 'वारे' म्हणजे माल. वेअरहाऊस म्हणजे माल ठेवायची जागा, ग्लासवेअर म्हणजे काचेचा माल. हार्डवेअर म्हणजे कडक माल, धातूच्या वस्तू. कॉम्प्युटर यायच्या कित्येक शतकं आधीपासून इंग्रजीत या शब्दाचा तोच अर्थ आहे, जो आपल्या बाजारात आहे. म्हणजे मूळ हार्डवेअर दुकानातलं, लॅपटॉपवाल्यांनी ते नंतर उचललं.

आता मराठीत बघा. 'दुकानात माल आला' म्हणतो, 'पाच माल आले' म्हणत नाही. फर्निचरचंही तसंच, सामानाचंही तसंच. ढीग कितीही मोठा असो, शब्द एकवचनी. सुटा शब्द असेल तर इंग्रजीत 'वेअर्स' चालतं, फेरीवाल्याचा माल वगैरे. पण जोडशब्दात 'एस' लागत नाही, आणि पुढे 'अ'ही लागत नाही. 'अ सॉफ्टवेअर' नाही, 'अ पीस ऑफ सॉफ्टवेअर' किंवा सरळ 'प्रोग्रॅम', 'ॲप'. झालं. हे दहा सेकंदांत सांगता आलं असतं त्या साहेबांना.

स्पेलिंगची गंमत तर अजून पुढे आहे. वडिलांच्या दुकानाच्या शेजारी चपलांचं दुकान आहे. पाट्या बघा: एकावर 'हार्डवेअर', दुसऱ्यावर 'फूटवेअर'. मराठीत दोन्ही 'वेअर' सारखे. इंग्रजीत नाहीत! चपलांचा डब्ल्यू-ई-ए-आर, म्हणजे घालणे, नेसणे. मेन्सवेअर, किड्सवेअर सगळे त्याच घरातले. खिळ्यांचा डब्ल्यू-ए-आर-ई, म्हणजे माल. आपण शब्द कानाने शिकलेलो, त्यामुळे घोटाळा होणारच. सॉफ्टवेअर दुसऱ्या स्पेलिंगने लिहिलं तर तो मऊ कपडा होतो. आणि 'अवेअर', 'बीवेअर' यांतला वेअर तिसराच. स्पेलिंग मालाचं, पण अर्थ सावध.

बरं, मऊ कपड्यावरून. हे मला सापडलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो. 1850 च्या आसपास इंग्रजीत 'सॉफ्ट वेअर्स' म्हणजे सुती-लोकरी कापड. म्हणजे आपली प्रताप मिल कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी सॉफ्ट वेअर्स बनवत होती! आणि त्याच काळात लंडनमध्ये अजून एक अर्थ होता. चार्ल्स डिकन्स 'हाउसहोल्ड वर्ड्स' नावाचं साप्ताहिक चालवायचा. त्यात 1850 साली लंडनच्या कचऱ्याच्या ढिगांवर एक लेख आला. ढीग निवडणारे लोक कुजणाऱ्या कचऱ्याला म्हणायचे 'सॉफ्ट-वेअर' आणि फुटकी भांडी, शिंपले यांना 'हार्ड-वेअर'. म्हणजे ओला कचरा आणि सुका कचरा. घंटागाडीवर रोज ऐकतो तेच. आमचं जुनं प्रोजेक्ट बघितलं की मला हा अर्थ जास्त पटतो.

कॉम्प्युटरचा अर्थ मात्र त्यातून वाढत आलेला नाही, तो नव्याने बनवला गेला. छापलेल्या सर्वांत जुन्या वापरांपैकी एक आहे जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचा, 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'च्या जानेवारी 1958 च्या अंकात. यंत्राच्या ट्यूब, ट्रान्झिस्टर, वायरी यांना हार्डवेअर म्हणतात ना, मग त्याला चालवणाऱ्या सूचनांच्या जुळणीला सॉफ्टवेअर म्हणू, असा सगळा मामला. ती सूचनांची जुळणीही तितकीच महत्त्वाची, असं त्याचं म्हणणं होतं. 'बायनरी डिजिट' आवळून 'बिट' हा शब्दही त्याचाच. एका माणसाने आपल्या धंद्याचे दोन शब्द दिले, आणि मला चार वर्षांत कॉलेजमध्ये त्याचं नाव ऐकल्याचं आठवत नाही.

डिकन्सच्या साप्ताहिकातल्या शब्दात मध्ये आडवी रेघ होती. टुकीकडे ती नाही. इंग्रजी जोडशब्दांचं बऱ्याचदा असंच होतं: आधी दोन शब्द, मग रेघ, मग एकजीव. 'टुडे'मध्येसुद्धा पूर्वी रेघ असायची. 2007 साली 'शॉर्टर ऑक्सफर्ड' डिक्शनरीने एका फटक्यात सुमारे 16,000 शब्दांतल्या रेघा काढल्या. काही शब्द जोडले गेले, आईस्क्रीमसारखे काही उलट तुटून दोन झाले. त्यामुळे 'ईमेलला रेघ द्यायची की नाही' यावरून कोणी तुमच्याशी भांडलं तर फार मनावर घेऊ नका.

अमळनेरचं नाव घेतलंच आहे तर अजून एक जोडशब्द सांगायलाच हवा. 1945 साली इथे तेलाची कंपनी सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. वनस्पती तूप, साबण. 'वेस्टर्न'चा 'डब्ल्यू', 'इंडिया'चा 'आय', 'प्रॉडक्ट्स'चा 'प्रो': विप्रो. टुकीच्या 'बिट'सारखंच, आवळून केलेलं. मधलं 'व्हेजिटेबल' नावातून गळलं, आणि बरंच झालं, कारण पुढे कंपनी आधी कॉम्प्युटरच्या हार्डवेअरमध्ये गेली आणि मग सॉफ्टवेअरमध्ये. 'प्रॉडक्ट्स' म्हणजेही शेवटी मालच की.

मला नोकरी लागली तेव्हा आजीने विचारलं होतं, "काय काम शे रे?" मी म्हटलं, सॉफ्टवेअर. ती म्हणाली, "म्हणजे बापनाच धंदा का?" आम्ही सगळे हसलो होतो. आता त्या हसण्याचं जरा वाईट वाटतं, कारण आजी बरोबर होती.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या एका ज्युनिअरने रेझ्युमे बघायला पाठवला. दुसऱ्याच ओळीत 'सॉफ्टवेअर्स'. मी गोल काढला नाही. फोन लावला आणि विचारलं, "तुमच्या गावात हार्डवेअरचं दुकान कुठे आहे रे?" तो बिचारा गोंधळला. मग पंधरा मिनिटं हेच सगळं सांगितलं, जे आत्ता तुम्हाला सांगितलं.

तुमच्या बाजारातल्या पाटीवर असा एखादा शब्द दिसला तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू. आणि हो, 'मालवेअर'मधला 'माल' आपला नाही. तो 'मॅलिशस'मधला. मी बरेच दिवस आपलाच समजत होतो. चला, भेटू.