वाळा की हिना?

श्रोतेहो, लग्नसराई सुरू झाली की अत्तराच्या दुकानांत गर्दी होते, आणि तिथं जे चालतं ते पाहून माझा जीव खालीवर होतो. काचेच्या काडीनं एका मनगटावर वाळा, दुसऱ्यावर हिना. हुंगलं, नाक मुरडलं, "हे द्या" म्हटलं, पैसे मोजले. अहो, दोन मिनिटांत अत्तर कळतं होय?

कैरीचं लोणचं घातल्या दिवशीच चाखून कोणी नावं ठेवतं का? त्या दिवशी नुसती मोहरी नाकात जाते. फोड कच्ची, मीठ वेगळं. अत्तराचंही तसंच. हलकं असतं ते आधी उडून जातं. जड भाग मागं राहतो आणि अंगाच्या उबेनं हळूहळू वर येतो. त्यात हिना म्हणजे सगळा मसाल्याचा कारभार: जटामांसी, लवंग, वेलदोडे, आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलसुद्धा! कनौजला हे तांब्याच्या डेगेत उकळतं, वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. पहिल्या हुंगण्याला हिना उग्र, औषधी वाटणारच. मग मंडळी वाळा उचलतात, कारण माठातल्या पाण्यापासून त्याची ओळख.

वाळा नको, असं मी म्हणत नाही. वैशाखात वाळाच. घामेजल्या अंगावर हिना लावून मांडवात बसलात, तर शेजारचा उठून जाईल. पण पौषातल्या थंडीत त्याच हिनेची ऊब... असो, वेळ थोडा आहे.

म्हणून सांगतो. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं, आणि सरळ दुकानाबाहेर पडा. मनगटं एकमेकांवर चोळू नका. मुरत्या बरणीत कोणी सारखा चमचा घालतं का? मंडईत जा, चहा प्या, घरी या. संध्याकाळी हुंगा, मग ठरवा. संध्याकाळी, बरं का! दुकानदार म्हणेल, "साहेब, शेवटचीच बाटली." म्हणू द्या.

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात वर झालाय. फाया कानात ठेवावा की अत्तर कपड्याला लावावं, हा खरं तर वेगळ्या भाषणाचा विषय. पांढऱ्या सदऱ्यावर हिनेचा डाग पडतो, एवढं ध्यानात ठेवा. आणि दोन्ही एकत्र लावणाऱ्यांबद्दल तर मी अजून बोललोच नाही. त्यांना एकदा...