गिरणीचे तूस आणि आमच्या मुलांची यंत्रे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव प्रसंगी, जोहे येथे केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. आज ज्यांना शाल व श्रीफळ मिळाले त्यांतील कित्येक जण अभियांत्रिकीचे विद्यार्थी; आणि मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला, सारी हयात खडू आणि फळा यांच्या संगतीत घालविलेला प्राथमिक शिक्षक. त्यांच्या शास्त्राविषयी मी काय बोलणार? परंतु शिक्षकाला एक गोष्ट हटकून कळते. मुलाचे उत्तर चुकले असेल तर ते गणित न आल्यामुळे चुकले, की गणित नीट वाचलेच नाही म्हणून चुकले, हे तो ओळखतो. मला आज बोलावयाचे आहे ते गणित वाचण्याविषयी.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना, एकट्याने अथवा तिघाचौघांनी मिळून, एक प्रकल्प करावा लागतो, हे आपणांपैकी पुष्कळ पालकांना ठाऊक आहे. कारण त्याचा खर्च आपल्याच खिशातून जातो! हा प्रकल्प म्हणजे यंत्राचा किंवा कारखान्याचा आराखडा. माटुंग्याची जी संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झाली आणि २००८ पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, तेथे संपूर्ण कारखान्याचा आराखडा विद्यार्थ्याकडून करून घेण्याची जुनी परंपरा आहे. त्याला तेथे 'होम पेपर' म्हणतात. आपल्याच जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. तेथेही कृषी अभियांत्रिकी शिकविली जाते. तेव्हा विद्येची पाणपोई आता आपल्या दारापासून दूर राहिलेली नाही. प्रश्न एवढाच, की ही मुले प्रकल्पासाठी विषय कोठून आणतात?

मी पाहतो, बहुतेक विषय मागील वर्षाच्या प्रबंधातून येतात. ते आपल्या अंगणातून का येऊ नयेत? आपण खारेपाटातील माणसे. समुद्राला बांध घालून भात आणि मीठ पिकविणे हा आपला पिढीजात व्यवसाय. पेणचे पोहे आणि पोह्याचे पापड मुंबईच्या घराघरांत पोहोचलेले आहेत. धान्यावर संस्कार करून त्याचा टिकाऊ खाद्यपदार्थ बनविणे याला आज अन्नप्रक्रिया म्हणतात. आणि पिकाच्या टाकाऊ भागापासून उष्णता किंवा गॅस मिळविणे याला जैवऊर्जा म्हणतात. नावे नवी आहेत. काम आपल्या माय-भगिनी पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. पोह्याच्या भट्टीत जळण म्हणून भाताचे तूसच घालतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

या तुसाचा हिशेब मुलांनी एकदा करून पाहावा. शंभर किलो भात भरडले, तर त्यातून सुमारे वीस किलो तूस निघते. ते जाळले, की चार किलोच्या आसपास राख उरते. आणि ती राख बहुतांशी सिलिका असते, म्हणजे वाळूचाच पदार्थ. एका किलो तुसात तीन हजार किलोकॅलरी किंवा थोडी अधिक उष्णता असते. एक किलो पाणी वाफ करून उडवावयाचे, तर सुमारे सहाशे किलोकॅलरी लागतात. तीन-चतुर्थांश उष्णता वाया गेली असे धरले, तरी एक किलो तूस एक किलो पाणी सहज वाळवू शकते. एवढी शक्ती गिरणीमागच्या ढिगात पडलेली असते, आणि पावसाळ्यात पापड वाळत नाहीत म्हणून आपल्या भगिनी हातावर हात ठेवून बसतात! वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पाडणाऱ्या या मुलखात श्रावणापासून दसऱ्यापर्यंत वाळवण कोठे घालावयाचे? आणि सणासुदीची मागणी तर नेमकी त्याच महिन्यांत येते.

आता मी एक गोष्ट सांगणार आहे. तीत माझाही दोष आहे, म्हणूनच ती मला सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चार विद्यार्थी मजकडे आले. ग्रामीण उपयोगाचा प्रकल्प करावयाचा आहे, असे ते म्हणाले. मला फार आनंद झाला. आमच्या आळीत पापडावर घर चालविणारी एक विधवा भगिनी आहे. सारी आळी तिला काकी म्हणते. मी मुलांना तिच्याकडे नेले. तुसावर चालणारे वाळवणयंत्र करावयाचे ठरले. काकी कचरत होती. मी म्हणालो, "काकी, मुले शिकलेली आहेत. माझ्या शब्दाखातर करू द्या."

मुलांनी पत्र्याचे कपाट केले, खाली चूल बसविली, आत जाळीचे खण घातले. परीक्षेची तारीख जवळ आलेली. एका सकाळी काकीने पहाटेपासून खपून केलेले चार किलो पिठाचे पापड त्या कपाटात मांडले गेले. दोन तासांनी दार उघडले, तेव्हा पापडांच्या कडा उलटल्या होत्या, मधोमध भेगा गेल्या होत्या, आणि साऱ्या मालाला धुराचा वास लागला होता. मुलांनी छायाचित्रे घेतली, तपमापकावरील आकडे टिपले आणि ती निघून गेली. पुढे कळले, की त्यांना चांगले गुण मिळाले. मी खाली मान घालून काकीकडे गेलो. ती एवढेच म्हणाली, "गुरुजी, पोरांना गुण मिळाले ना? मग झाले तर." ते कपाट पुढे दोन वर्षे तिच्या पडवीत गंजत पडले होते. कोंबड्या त्यात अंडी घालीत.

मित्रहो, ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. मुले हुशार होती. त्यांची आकडेमोडही चुकली नव्हती. चूक झाली ती गणित वाचण्यात. पोह्याचा पापड कडक उन्हात घालीत नाहीत, तो सावलीत वाळवितात, हे काकीला ठाऊक होते. मुलांनी तिला विचारले नाही. आणि मीही त्यांना विचारावयास लावले नाही. याच जोहे-हमरापूर परिसरात गणपतीचे शेकडो कारखाने आहेत. शाडूची ओली मूर्ती एकदम उन्हात ठेवली तर तडकते, हे तेथील शेंबडे पोरही सांगेल. वरचा थर आधी वाळून आखडतो, आत ओल राहते, आणि मग भेग पडते. जे मातीचे, तेच पिठाचे. शास्त्रातील हा धडा मुलांच्या पुस्तकात निराळ्या शब्दांत असेलच. परंतु तो त्यांच्या मुक्कामापासून शंभर पावलांवर, कारखान्याच्या मांडवात, प्रत्यक्ष दिसत होता.

या गोष्टीचा उत्तरार्ध बरा आहे. दोन वर्षांनी आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी प्रकल्पासाठी विषय शोधीत मजकडे आली. मी या वेळी तिला यंत्राविषयी काही बोलू दिले नाही. म्हटले, "बाळ, आधी पंधरा दिवस काकीच्या हाताखाली पापड लाट." ती लाटावयास बसली. तिने ओला पापड तोलला, वाळलेला तोलला. म्हणजे पाणी किती काढावयाचे हे कळले. पावसाळ्यातील हवेची आर्द्रता मोजली. मग तिने मला जो हिशेब समजावून दिला, तो मजसारख्यालाही पटला. तीस अंश उष्णतेची, नव्वद टक्के आर्द्रतेची हवा पाणी शोषावयास नाखूष असते. तीच हवा केवळ चाळीस अंशांपर्यंत तापविली, की तिची आर्द्रता बावन्न टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि ती हळुवारपणे ओल उचलते. साठ अंशांपर्यंत नेली तर आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते. पापड तडकावयाचे तेथेच! म्हणजे पहिल्या यंत्राला उष्णता कमी पडली नव्हती, ती अतोनात झाली होती. दुसरी सुधारणा अशी, की चुलीचा धूर लोखंडी नळीतून परस्पर धुरांड्यात गेला, आणि त्या तापल्या नळीवरून वाहणारी स्वच्छ हवाच काय ती पापडापर्यंत पोहोचली. यंत्र ओबडधोबडच आहे, तुसाची राख वरचेवर काढावी लागते, आणि एका वेळी माल थोडाच बसतो. तरीही तीन पावसाळे काकी ते वापरीत आहे. जुन्या कपाटाचा पत्रा यातच कामी आला.

हाच न्याय गोबरगॅसला लागू आहे. आपल्या तालुक्यात एके काळी किती गोबरगॅस होते, आणि त्यांतील किती आज जिवंत आहेत, हे आपण आठवावे. ही विद्या काही परकी नव्हे. याच माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस मिळविल्याची नोंद आहे. १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावर प्रयोग झाले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचा 'ग्रामलक्ष्मी' संच तयार केला आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. १९८१ नंतर सरकारी अनुदानही आले. संच चांगले होते. परंतु एक घनमीटर गॅसला सुमारे पंचवीस किलो शेण रोज लागते. बैल गेले, पॉवर टिलर आला, गोठे रिकामे झाले. मग टाकीने काय करावे? माझ्या घरच्या टाकीत आज पावसाचे पाणी साचते. संच बसविणाऱ्याने टाकी मोजली, पण दहा वर्षांनी गोठ्यात गुरे किती उरतील हे कोणी मोजले नाही.

ही गोष्ट ज्यांनी नीट वाचली, त्यांपैकी एक पुण्याचे डॉ. आनंद कर्वे. त्यांनी १९९६ मध्ये 'आरती' ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था स्थापिली. गॅस करणारे जंतू शेणापेक्षा पिष्टमय अन्नावर अधिक पुष्ट होतात, हे ओळखून त्या संस्थेने खरकटे, सडके फळ, खराब पीठ यांवर चालणारा लहान घरगुती संच केला. त्याला २००६ मध्ये इंग्लंडचे ॲशडेन पारितोषिक मिळाले. शेण तर गुराच्या पोटातून आधीच पचून आलेले! विचार किती साधा, पण तो गोठ्याकडे आणि स्वयंपाकघराकडे बघितल्यावाचून सुचत नाही. पेज, भाताचे धुवण, वाया गेलेले पीठ या वस्तू आपल्या घरी नाहीत काय?

मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानाचे 'सितारा' नावाचे केंद्र १९८५ पासून आहे. राज्य शासनानेही २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. आसपासच्या गावांचे प्रश्न महाविद्यालयांनी अभ्यासावेत हा त्याचा हेतू. हेतू उत्तम, पण प्रश्न सांगणारा माणूस गावातच पाहिजे. म्हणून मी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो.

पहिली, मंडळाने अडचणींची एक वही ठेवावी. पापड करणारी, पोह्याची भट्टी लावणारा, मासळी वाळविणारी, मूर्तिकार, ज्याची जी नड असेल ती त्याच्याच शब्दांत तीत लिहावी; आणि आपल्या विद्यार्थ्याने विषय निवडण्यापूर्वी ती वही वाचावी.

दुसरी, एक लहानसा प्रकल्प-निधी उभारावा. नागपूरचे लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र महाविद्यालय रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या देणगीतून १९४२ मध्ये उभे राहिले, आणि तेथे अन्नतंत्रज्ञान शिकविले जाऊ लागले. एवढी मोठी देणगी आपणांस झेपणार नाही. परंतु प्रयोगात वाया जाणाऱ्या मालाची भरपाई देण्याइतके पैसे आपणांस खचित जमतील. प्रयोग विद्यार्थ्याचा आणि तोटा विधवेचा, हा व्यवहार पुन्हा होऊ नये. काकीच्या त्या चार किलो पिठाचे पैसे मी देऊ केले, ते तिने घेतले नाहीत. या निधीस माझे पहिले एक हजार रुपये तिच्या नावाने घ्यावेत.

तिसरी सूचना विद्यार्थ्यांना कदाचित रुचणार नाही. प्रकल्पाबद्दलचे पारितोषिक परीक्षेच्या वर्षी न देता, एक पावसाळा गेल्यावर द्यावे. आणि ते परीक्षकाच्या शिफारशीवरून न देता, यंत्र वापरणाऱ्या माणसाच्या शब्दावरून द्यावे.

आपल्या वाडवडिलांनी खारबंदिस्ती केली. बांध घालून झाला, की तो पुरा झाला असे ते मानीत नसत. पुनवेचे उधाण येई, रात्री कंदील घेऊन सारा गाव बांधावर फिरे, कोठे पाझर दिसला तर चिखल थापी, आणि पाणी ओसरल्यावरच घरी जाई. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही त्यांचेच वंशज आहात. तुमच्या पदवीचा आम्हांस अभिमान आहे. तुम्ही केलेले यंत्र पहिल्या पावसात कसे चालते, हे पाहावयास तेवढे परत या. आम्ही येथेच आहो.