पहिला पेला कोणाच्या हातचा?



लग्नाच्या मांडवात पाहुण्यांचे पेले भरावयास आम्ही आपल्याच मुलास धाडितो, आणि पुढे तोच पिऊन आला म्हणजे त्याजवर हात उगारितो. हा न्याय नव्हे. महाराष्ट्रात बिअर व वाईन यांस २१ आणि इतर मद्यास २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. मेंदूची घडणही पंचविशीपर्यंत चालूच असते. घरी थोडी चाखविल्याने मूल संयम शिकते, हा आमचा भ्रम होय.

मूल पिऊन आले, तर त्या रात्री त्यास कुशीवर निजवून आपण उशाशी जागावे. सकाळी क्रोध सोडून एकांतात विचारपूस करावी. परंतु तत्पूर्वी आपला पेला आपणच खाली ठेवू या. तो उपदेश मुलांस शब्दांवाचून कळतो.