'यस मॅडम'च्या पुढचे इंग्रजी

(महाबळेश्वर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

मैत्रिणींनो,

इथल्या बाईला इंग्रजी येत नाही, हे म्हणणे मला पटत नाही. १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने आजारी गोऱ्यांसाठी इथे आरोग्यस्थान वसवले. तेव्हापासून आर्थर, एल्फिन्स्टन, विल्सन, केट ही नावे इथल्या बायकांच्या तोंडी आहेत. हॉटेलात काम करणारीला बेडशीट, टॉवेल, चेकआउट सगळे कळते. त्याहून जास्त वेळा तिला दोन वाक्ये म्हणावी लागतात : 'यस मॅडम' आणि 'सॉरी मॅडम'. म्हणजे इंग्रजी येते, पण हुकूम ऐकण्यापुरतेच. उलट बोलण्याचे इंग्रजी तिला कुणी शिकवलेले नाही.

आमच्या गटातल्या एका बाईला हे महागात पडले. एका हॉटेलात तिने सहा वर्षे खोल्या झाडल्या. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी झाले तेव्हा तिच्यापुढे एक इंग्रजी कागद ठेवला गेला. तिने सही केली. नंतर कळले, त्यात लिहिले होते की मी राजीखुशीने काम सोडते आहे आणि माझे काहीही येणे बाकी नाही. ती आमच्या बैठकीत म्हणाली, "ताई, मला इंग्रजी शिकवा. पण ते ए फॉर ॲपल नको."

मग आम्ही पुस्तक बाजूला ठेवले. पोरीच्या मोबाईलवर गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) या चित्रपटातला एकच प्रसंग लावला. न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानात शशी गोंधळते आणि काउंटरवरची बाई तिच्यावर खेकसते, तो. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहिला. कोण चिडले आहे, कोण घाबरले आहे, हे चेहऱ्यांवरून सगळ्यांना कळले. दुसऱ्यांदा आवाज लावला आणि ओळखीचे शब्द वेचले. तिसऱ्यांदा मधे मधे थांबवून म्हणून पाहिले. खरी माणसे भरभर बोलतात, शब्द गिळतात, पुस्तकासारखी बोलत नाहीत. सगळे कळायलाच हवे असे नाही, ही भीती पहिल्याच दिवशी गेली. एकीने विचारले, "चूक कोणाची? अडखळणारीची, की समोरच्याला थांबू न देणारीची?" व्याकरणाच्या तासाला असा प्रश्न कधी निघाला असता का?

दुसऱ्या बैठकीत नाटक. आपल्या चळवळीला नाटक नवे नाही. स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगाव गेले. आम्ही सतरंजीवरच हॉटेलचे ऑफिस मांडले. एक मॅनेजर, एक कामवाली, मधे कागद. पहिल्या खेपेला कामवालीच्या तोंडून 'यस सर' एवढेच निघाले. मग भूमिका बदलल्या. बाकीच्या बाजूने सुचवू लागल्या. चौथ्या खेपेला तीच बाई उठली, कागद हातात घेतला आणि म्हणाली, "नो सर. आय विल नॉट साइन. मराठी प्लीज." उच्चार कसा होता ते विचारू नका. मान ताठ होती. ते वाक्य आता गटातल्या प्रत्येकीला पाठ आहे.

आणि गाणे. 'हम होंगे कामयाब' आपण सगळ्यांनी शिबिरात म्हटले आहे. त्याचे मूळ 'वुई शॅल ओव्हरकम'. हे गाणे कुठून आले? अमेरिकेत चार्ल्सटन शहरात १९४५-४६ साली तंबाखूच्या कारखान्यात संप झाला. संपावर मुख्यतः काळ्या बायका होत्या. ल्युसिल सिमन्स नावाची कामगार बाई गेटवर हे गाणे संथ लयीत म्हणायची. मूळ भजनात 'मी' होते, संपकरी बायकांच्या तोंडी ते 'आम्ही' झाले. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांचा लढा ज्यांनी पाहिला, त्यांना हे सांगायला नको. 'आय' आणि 'वुई' यांतला फरक आमच्या बायका या गाण्यातून शिकल्या. आणि त्यांनी मलाच अडवले : "ताई, मराठीत 'आम्ही' वेगळे, 'आपण' वेगळे. 'आम्ही'त समोरचा नसतो, 'आपण'मध्ये असतो. इंग्रजीतले हे 'वुई' कोणते?" तासभर वाद झाला. इंग्रजी शिकता शिकता आपल्या भाषेची श्रीमंती अशी हाती आली.

मैत्रिणींनो, याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या. १८५४ च्या 'काव्यफुले'त त्यांनी इंग्रजी शिका असे सांगितले, ते साहेबाची चाकरी नीट करता यावी म्हणून नव्हे, माणूस म्हणून उभे राहता यावे म्हणून. आपल्या गावी गेलात की एक मोबाईल, एक सतरंजी आणि दहा बायका जमवा. सुरुवात मात्र 'नो'पासून करा. 'यस' आपल्याला आधीच येते.